नवव्या प्रकरणातली खोली

अण्णा : थांबा. हात थांबले.

धाकटी : चाकाचा नट पडला, अण्णा.

अण्णा : कोणत्या शब्दाला पडला?

धाकटी : आता नट काय शब्द बघून पडतो? बोटाला तेल होतं, निसटला. तो बघा, तुमच्या चपलेपाशी.

अण्णा : हा घे. तरीही मी मुद्रिताच्या समासात एक टिंब देऊन ठेवतो. आतापर्यंतच्या आठ प्रकरणांत तुझे हात सहा वेळा थांबले, आणि सहाही वेळा वाक्यच लंगडे निघाले.

थोरली : चार वेळा, अण्णा. एकदा गिऱ्हाईक आलं होतं आणि एकदा हिला शिंक आली.

अण्णा : शिंक आली ते वाक्य तू स्वतःच नंतर खोडलेस.

थोरली : तुम्ही माझ्याकडे तसे बघत राहिलात म्हणून!

धाकटी : मला एक सांगा, ही पद्धत खरंच आहे, की ताईची कादंबरी एकट्यानं सोसायला नको म्हणून माझ्या सायकलच्या दुकानात येऊन मला धरून बसवलंय?

अण्णा : छापखान्यात चाळीस वर्षे मी मुद्रिते तपासली ती याच पद्धतीने. लेखकाने मोठ्याने वाचायचे, मी मुद्रितावर डोळे ठेवायचे, आणि ज्याने ते पुस्तक पूर्वी पाहिलेलेही नाही अशा एका माणसाने आपले काम करता करता ऐकायचे. आमच्याकडे छापील पानांचे फर्मे शिवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना गोष्टीत रस होता की नाही, हे त्यांनी मला कधी कळू दिले नाही; परंतु वाक्य अडले की त्यांची सुई अडायची. भल्याभल्या लेखकांनी त्या सुईपुढे मान तुकवली आहे.

धाकटी : म्हणजे मी सुई.

थोरली : सुई कसली, दाभण.

धाकटी : दाभण तर दाभण. वाच पुढे. पाचला या चाकाचा मालक येईल आणि अजून याचा आउट, हा वाकडेपणा, निघालेला नाही. बघ ना, फिरवलं की इथं कसं लचकतंय.

थोरली : वाचते. 'रोज सव्वातीनला मी गणिताच्या शिकवणीला म्हणून घरातून निघायचे आणि कोपऱ्यावर डावीकडे वळायचे. शिकवणी उजवीकडे होती. डावीकडे सायकलचं दुकान होतं.'

धाकटी : हे बरं लिहिलंयस.

थोरली : हात चालू ठेव.

धाकटी : चालूच आहेत, तोंडानं बोलले. पण काय गं ताई, पुस्तकभर तू जी 'मी, मी' करतेयस, ती मी तू नाहीसच. डावीकडे वळायचे मी. तू जन्मात कधी शिकवणी बुडवली नाहीस.

थोरली : तुला विचारूनच लिहिलंय.

धाकटी : कधी विचारलंस?

थोरली : दोन वर्षांपूर्वी, इथंच. मी म्हटलं, तुझ्या त्या दुकानाच्या दिवसांवर लिहू का? तू चेनला तेल घालत होतीस. 'हं' म्हणालीस.

धाकटी : चेनला म्हणाले असेन.

अण्णा : या 'मी'विषयीचा माझा आक्षेप पहिल्या दिवसापासून नोंदलेला आहे.

थोरली : अण्णा, पुन्हा नका सुरू करू.

अण्णा : पुन्हाच करतो, कारण आज शेवटचे मुद्रित आहे आणि उद्या सकाळी फर्मे यंत्रावर चढतात. मुली, प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे एका खिडकीची खोली. त्या खिडकीतून दिसेल तेवढेच सांगावे. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते जाणण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्याला नसतो. आमच्या जुन्या गद्यातला निवेदक घराच्या छपरावर बसे. त्याला सगळ्या खोल्या दिसत, खोल्यांतल्या माणसांची मने दिसत, आणि तो सांगायची कधी घाई करत नसे.

थोरली : पंधरा वर्षांची पोरं छपरावरच्या म्हाताऱ्याचं ऐकत नाहीत हो. त्यांच्या कानाशी येऊन कुणीतरी बोलावं लागतं.

अण्णा : कानाशी येऊन बोलणारे माणूस सहसा चुगली करत असते.

धाकटी : वा, अण्णा! काय गं, गप्प बसलीस? हरलीस?

थोरली : पान उलटतेय.

धाकटी : उलट. पण उलटायच्या आधी माझी एक तक्रार लिहून घ्या, अण्णा. या पुस्तकातली ती मोठी बहीण. आठ प्रकरणं झाली, बाई एकदाही चुकलेली नाही. दर प्रकरणात येते, हातात पाण्याचा ग्लास, तोंडावर समजूतदारपणा. डोक्यामागचं वलय तेवढं छापायचं राहिलंय.

थोरली : ती दुय्यम पात्र आहे.

धाकटी : दुय्यम असून इतकं पाणी आणते?

अण्णा : पाण्याचा ग्लास पाच वेळा आला आहे. मी दोन कमी करायला सुचवले होते.

धाकटी : बघ! आणि खऱ्या घरात पाणी कोण आणून द्यायचं, ते मी तोंडानं सांगत नाही. हात चालू आहेत.

थोरली : झाली तुमची दोघांची करमणूक? प्रकरण नववं. 'त्या शनिवारी मी आणि खारू, दोघी दुकानात होतो.'

धाकटी : खारूचं नाव तेच ठेवलंस?

थोरली : टोपणनाव तेवढं. खरं कुठे लिहिलंय.

धाकटी : लिहायचं होतंस. बाबांना जाऊन सांगणाऱ्या चुगलखोर मैत्रिणीला खरं नावही चाललं असतं.

थोरली : वाचू का?

धाकटी : वाच की. मी कुठे अडवलंय?

थोरली : 'मी माझ्या आयुष्यातली पहिली तार चाकात बसवत होते आणि खारूनं चाक दोन्ही हातांनी धरलं होतं. साडेतीनपासून साडेचारपर्यंत ती तशीच उभी होती. हातांना मुंग्या आल्या म्हणाली, पण सोडलं नाही.'

धाकटी : एवढं मात्र खरं. नाही सोडलं.

थोरली : 'घरी चार वाजता बाबांचा चहा झाला. त्यांना सगळं कळलं तेव्हा कप त्यांच्या हातात होता, आणि तो खाली ठेवायला ते विसरले. डाव्या हातात बशी, उजव्या हातात कप, तसेच उभे राहिले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : तिच्या हाताला कुठे लागत तर नाही ना?'

(चाक फिरायचे थांबते.)

अण्णा : थांबा. हात थांबले.

थोरली : नट पडला असेल.

अण्णा : नट पडलेला नाही. आणि या वेळी दोष मलाही दिसला आहे. पृष्ठ एकशे बारा, खालून पाचवी ओळ. 'मी' दुकानात चाकापाशी आहे. बाबा घरी आहेत. मग बाबांच्या कोणत्या हातात बशी होती, हे 'मी'ला दिसले कसे? मी म्हटले नव्हते, एका खिडकीची खोली? तू भिंतीतून पाहिले आहेस.

थोरली : नंतर सांगितलं असेल कुणीतरी तिला. आईनं.

धाकटी : आई त्या आठवड्यात मावशीकडे होती.

थोरली : पुस्तकातली आई घरी असू शकते.

अण्णा : असू शकत नाही. पृष्ठ एकशे नऊ : 'आई मावशीकडे गेली होती.' वाक्य तुझे आहे.

थोरली : मग खारूनं सांगितलं असेल. बाबांना सांगायला तीच गेली होती, तिनं बघितलं असेल.

अण्णा : खारू साडेचारपर्यंत दुकानात चाक धरून उभी आहे. तिच्या हातांना मुंग्या आणल्यास तूच. चार वाजता ती दुकानातही असेल आणि बाबांपुढेही असेल, असे छपरावरचा निवेदकसुद्धा घडवू शकणार नाही. तुझ्याच मजकुराचा निष्कर्ष असा निघतो की खारूने सांगितले नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच : चहाच्या वेळी त्या खोलीत बाबांखेरीज जे माणूस होते, ते कोण? आई नाही. नायिका नाही. मैत्रीण नाही. घरात मग राहते ती केवळ मोठी बहीण... पण ती तर...

धाकटी : पाण्याचा ग्लास घेऊन आली असेल. ताई?

थोरली : काय?

धाकटी : खोलीत कोण होतं?

थोरली : पुस्तकात?

धाकटी : बरं, आधी पुस्तकात.

थोरली : मी.

धाकटी : आणि पुस्तकाबाहेर?

थोरली : मीच.

अण्णा : मला वाटते, मी कोपऱ्यावर जाऊन चहा सांगून येतो.

धाकटी : बसा अण्णा. तुम्हीच पकडलंत, आता पळून कुठे जाता? घरातलं भांडण आहे, साक्षीदार नको का?

अण्णा : मी केवळ निवेदनातला दोष दाखवला. त्याच्या मागे कोणी उभे आहे, याची मला कल्पना नव्हती.

धाकटी : मला तरी कुठे होती? बावीस वर्षं झाली, ताई.

थोरली : माहितेय.

धाकटी : काय माहितेय? खारूशी बोलायचं टाकलं मी. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला आम्ही दोघी एकाच बाकावर. मी मध्ये दप्तर उभं करून ठेवलं. ती दप्तरावरून मला खोडरबर सरकवायची, आणि मी बोटानं परत ढकलायची. मग तिच्या वडिलांची बदली झाली. मला वाटायचं, हिनं आदल्या दिवशीच सांगून टाकलं असणार, आणि वर दुसऱ्या दिवशी चाक धरायला आली, साळसूदासारखी. त्या चाक धरण्याचा तर मला सगळ्यात जास्त राग होता.

थोरली : माहितेय गं. तू रोज झोपताना मला सांगायचीस.

धाकटी : आणि तू काय म्हणायचीस?

थोरली : जाऊ दे, म्हणायचे.

धाकटी : जाऊ दे! अण्णा, लिहा समासात. किती मोठं मन.

थोरली : बोल. तुझा हक्कच आहे.

धाकटी : हक्क नको, कारण सांग. का सांगितलंस बाबांना?

थोरली : शिट्टीमुळे.

धाकटी : कसली शिट्टी?

थोरली : तू दुकानातून घरी यायचीस ती शिट्टी वाजवत. मी जेवणापासून पुस्तकात डोकं घालून बसलेली. गणितात पहिली येत होते, आणि मला शिट्टी वाजवता येत नव्हती. त्या दिवशी बाबांनी अगदी सहज विचारलं, धाकटी शिकवणीहून किती वाजता येते? मला 'पाच' म्हणता आलं असतं. आधी दोन-तीनदा म्हटलंही होतं. त्या दिवशी नाही म्हटलं.

धाकटी : एका शिट्टीवरून?

थोरली : आणि तीही बेसूर.

धाकटी : बेसूर नव्हती.

थोरली : होती. तेच तर मला सोसवत नव्हतं. इतकी बेसूर, आणि तरी तू इतकी खुशीत.

धाकटी : अण्णा, हिची कबुली चालली आहे की माझी परीक्षा?

अण्णा : दोन्ही एकाच वाक्यात आले आहे. वाक्य मात्र सरळ आहे.

धाकटी : आणि बाबा खरंच तसं म्हणाले? की ती तुझी कादंबरी?

थोरली : अक्षर न् अक्षर. मला वाटलं होतं, ओरडतील. मी ओरडण्याचीच वाट बघत होते. ते कप धरून उभे राहिले आणि म्हणाले, तिच्या हाताला कुठे लागत तर नाही ना? मग चप्पल घातली आणि निघाले. कप दाराशी नेऊन ठेवला, चपलांच्या शेजारी.

धाकटी : दुकानात आले तेव्हा त्यांनी काही म्हटलं नव्हतं. माझे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून बघितले. काळेकुट्ट होते, नखांत वंगण. बघितले आणि म्हणाले, 'चल.' बस्स. मला वाटलं, लाज वाटली त्यांना.

थोरली : लागलंय का ते बघत होते.

धाकटी : मी पुढे हे दुकान टाकलं, तेव्हा बाबा रोज इथं येऊन बसायचे. अण्णा, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर. आणि मी त्यांच्याशी बोलताना हात फडक्यात गुंडाळून ठेवायचे. शेवटपर्यंत. कितीदा ते म्हणाले, दाखव बघू. मी म्हणायचे, घाण आहेत, बाबा.

थोरली : रडू नकोस गं.

धाकटी : रडत नाहीये. वंगणाचा हात डोळ्याला लागला. तू हे मला बाबा असताना सांगू शकली असतीस.

थोरली : बाबांचं हे सांगायचं, तर माझं ते सांगावं लागलं असतं.

धाकटी : म्हणून दोनशे पानं लिहिलीस. माणसं चिठ्ठी लिहितात.

थोरली : ते वाक्य मी तीनदा काढलं. तीनदा परत घातलं. काढलं की पुस्तकात बाबा राहत नव्हते.

धाकटी : आणि ठेवलं की तू सापडत होतीस.

थोरली : हो.

धाकटी : आणि मुद्दाम माझ्यासमोर वाचायला आलीस.

थोरली : अण्णा म्हणाले, पुस्तक न वाचलेलं, हातानं काम करणारं माणूस हवं. मला दुसरी कोण सुचणार?

अण्णा : मला आता एक गोष्ट बोलणे भाग आहे, आणि या घटकेला ती निर्दयपणाची वाटेल. उद्या सकाळी हे पान छापले जाईल. ते कसे छापायचे ते आत्ता ठरले पाहिजे. माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. एक, त्या चार ओळी काढून टाकायच्या. निवेदन निर्दोष होईल. खारू मात्र दोषी राहील.

धाकटी : आणि बाबा?

अण्णा : बाबा 'चल' एवढेच म्हणतील.

धाकटी : नको. दुसरा?

अण्णा : दुसरा मला प्रिय आहे. सगळी कादंबरी छपरावरून सांगायची. परंतु त्याला एक दिवस पुरणार नाही; हिच्या वेगाने एक वर्षही पुरेल असे वाटत नाही.

थोरली : मग ओळीच काढूया, अण्णा. हिला कळायचं ते कळलं.

धाकटी : तू गप्प. मी आहे ना या पुस्तकातली मी? मग मला विचारा. त्या खोलीत जी होती तिनं सांगावं. नववं प्रकरण ताईनं सांगायचं, 'मी' म्हणून.

अण्णा : एका कादंबरीत दोन 'मी'? चाळीस वर्षांत मी असे चालू दिलेले नाही. आठ प्रकरणे एकीने सांगायची, मध्येच दुसरीने उठून बोलायचे, आणि वाचकाने ओळखायचे कसे?

धाकटी : माझी मी डावीकडे वळते, हिची मी उजवीकडे. पोरांना कळतं, अण्णा.

अण्णा : एक क्षण थांब. मला विरोध करायचा आहे आणि मुद्दा सापडत नाही.

थोरली : हे समासात लिहा. पुन्हा होणे नाही.

अण्णा : खोली बदलली तर खिडकीही बदलावी लागते, हे मला मान्य करावे लागेल. आठव्याच्या शेवटी अर्धे पान कोरे आहे. दुकानातला भाग तिथे बसेल. नववे घरापासून सुरू करू. बाबा दुकानात पोचले की दहावे, तिथे पुन्हा धाकटीचा 'मी'. पृष्ठे वाढणार नाहीत. छापखान्यात मी सांगेन. ते मला वेडा म्हणतील, त्याला माझी हरकत नाही.

थोरली : माझी आहे. सगळ्यांना कळेल की मीच ती.

धाकटी : कळू दे. आठ प्रकरणं पाण्याचा ग्लास घेऊन हिंडलीस. नवव्यात एकदा तरी सांड.

थोरली : तू चिडली नाहीस?

धाकटी : चिडलेय. पुष्कळ. पण पाचला या चाकाचा मालक येतोय. चिडून घ्यायला तू सहानंतर ये.

थोरली : येईन.

धाकटी : आणि अजून एक. पहिली प्रत खारूला. टपालानं नाही. तू न्यायची, तिच्या दारात उभं राहायचं, आणि नववं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचं.

थोरली : ती दार उघडेल?

धाकटी : तासभर चाक धरून उभी राहणारी बाई आहे. दार उघडेल.

थोरली : तू येशील बरोबर?

धाकटी : यावंच लागेल. तिचं खोडरबर घ्यायचं राहिलंय.

अण्णा : मी पेन्सिलीला टोक केले आहे. प्रकरण नववे. सावकाश बोल, म्हणजे मला उतरवून घेता येईल. आणि धाकटे, तू तुझे काम कर.

धाकटी : करतेय. सुरू कर गं.

थोरली : 'शनिवारी चार वाजता बाबांचा...'

धाकटी : आधी 'मी' म्हण.

थोरली : 'मी त्या शनिवारी घरी होते. बाबांनी विचारलं, धाकटी शिकवणीहून किती वाजता येते? मला पाच म्हणता आलं असतं.' अण्णा, लिहीत का नाही आहात?

अण्णा : ऐकत होतो. धाकटीचे हात चालू आहेत. पुढे.